एकोणसाठ

८ जानेवारी

ही वही आईने दिली. म्हणाली, "माझ्यापाशी कुरकुरतेस ते इथे कुरकुर. माझे कान विटले." तेव्हा कुरकुर सुरू.

नव्या केंद्रात रुजू होऊन आठवडा झाला. केंद्र म्हणजे एक कार्यालय, एक छोटी प्रयोगशाळा, तीन शेड आणि एक फाटक. साहेबांची खोली सोडली तर सगळे पंखे खडखडतात. माझं काम सांगायला सोपं आहे: गावठी कोंबडीची अंडी वाढवायची. औषध देऊन नाही, खाणं वाढवून नाही. जात्याच जास्त घालणारी कोण आहे ते रक्तावरून आधीच ओळखायचं आणि तिचीच पैदास करायची. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. पिसं फुगवून, डोळे लावून, खाली अंडं असो नसो, तीन-तीन आठवडे जागची हलत नाही. तेवढे दिवस अंडी बंद. एका जनुकाच्या तोंडाशी काही कोंबड्यांत चोवीस अक्षरांचा छोटा तुकडा असतो, काहींत नसतो. ज्यांना तो आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून मिळतो, त्या कमी खुडूक बसतात असं काही जणांना दिसलंय. आमच्या कोंबड्यांत ती खूण उपयोगी पडते का, एवढंच मला दाखवायचंय.

कोंबड्या शंभर, पायात एक ते शंभर आकड्यांच्या पट्ट्या. मार्चअखेरपर्यंत अंडी मोजायची, मग वीस ठेवायच्या आणि ऐंशी काढून टाकायच्या. माझा करार एक वर्षाचा आहे. वर्षाअखेर दाखवण्यासारखं काही निघालं नाही तर मीही ऐंशींतलीच.

शेड सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. एकतीस वर्षं इथेच आहेत. वय विचारलं तर म्हणाले, "एकोणसाठ पूर्ण." ६९! दिसत नाहीत तेवढे. इथे साठीला घरी पाठवतात म्हणे, मग यांना कसं ठेवून घेतलंय कोण जाणे. वशिला असेल.

१० जानेवारी

मामांचं रजिस्टर काढून घेतलं. लाल कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे कुरतडलेलं. त्यांच्या अक्षरात १ आणि ९ सख्खी भावंडं वाटतात. कोणतं अंडं कोणाच्या नावावर चढलं असेल देव जाणे. आता नवी पद्धत. कोंबडी अंडं घालायला पेटीत शिरली की मागे झडप पडते. मामा तिला बाहेर काढतात, पट्टी वाचून आकडा ओरडतात, मी दाराशी टॅब घेऊन बसते आणि तो आकडा दाबते. दिवसातून सहा फेऱ्या.

"इतकी वर्षं मीच लिहीत आलोय, मॅडम," मामा म्हणाले.

"मग आता जरा आराम करा."

त्यांनी पुठ्ठ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. जरा वाईट वाटलं, पण शास्त्र म्हटलं की शिस्त आली.

१७ जानेवारी

नव्याचे नऊ दिवस संपले. पाय सुजतात. शेडचा वास केसांतून जात नाही. आई दारातच सांगते, "आधी अंघोळ, मग बोल." अंघोळ झाल्यावर बोलायची ताकद राहत नाही, आणि मला वाटतं तिला तेच हवं असतं.

मराठी आकडे हे माझं जुनं दुखणं. बाबांची बदलीची नोकरी, दर दोन वर्षांनी नवी शाळा, आणि गणित सगळीकडे इंग्रजीत. घरात मराठी इतकी चोख की ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आई कान पिळायची, पण पाढे मात्र इंग्रजी. त्रेसष्ट की त्र्याहत्तर, इथे मी अजून अडखळते. मामांना दोनदा विचारावं लागतं, ते बिचारे दोनदा सांगतात. त्यातल्या त्यात एकोणवाले आकडे सोपे. लहानपणीच युक्ती काढली होती: एकोण ऐकलं की शेवटी नऊ, आणि त्यापुढे जे ऐकू येईल ते सुरुवातीला. विसापर्यंतचे पाठच आहेत, त्यापुढे एकोणतीस म्हणजे तीस आणि नऊ, ३९. तिथे मला विचारावं लागत नाही.

२ फेब्रुवारी

मामा आज खुशीत होते. आतून ओरडले, "एकोणसाठ! आजसुद्धा! मास्तरीण काही रजा घेत नाही." मास्तरीण हे त्यांनीच ठेवलेलं नाव. म्हणे मान ताठ आणि चाल अशी, की आत्ता वर्गावर निघालीय. टॅबवर पाहिलं, ६९ खरंच पहिल्या तिघींत आहे. "मामा, तुमची नजर पक्की आहे," मी म्हटलं. ते लाजले. म्हातारी माणसं लाजली की बरं वाटतं बघायला.

दुपारी रक्ताचे निकाल आले. हे काम मी कोणावर सोडलं नव्हतं. पंखाखालच्या शिरेतून रक्त स्वतः काढलं, पट्टी स्वतः वाचली, नळीवर आकडा स्वतः घातला. शंभरांत अकराच जणींना तो तुकडा दोन्हीकडून मिळालाय. ६९ मध्ये तो औषधालाही नाही. सगळ्यात जास्त घालणाऱ्यांतली एक, आणि तिच्यात खूणच नाही! जेवताना तेच डोक्यात होतं. आईने काही विचारलं, मी हूं म्हटलं, काय विचारलं ते आठवत नाही.

२३ फेब्रुवारी

अकरांपैकी आठ जणी चांगल्या घालताहेत. उरलेल्या तिघींनी दगा दिलाय. ५९ आठवड्यातून कशीबशी एकदा. ८९ तीच तऱ्हा. आणि २९ने पहिल्या दिवसापासून एक अंडं घातलेलं नाही. खाते, पिते, तुरा लालभडक, अंड्याच्या नावाने भोपळा. अकरांत तीन अशा निघाल्या की खुणेचं काय राहिलं? साहेब जाता-येता विचारतात, "काय, निघतंय का काही?" मी म्हणते, निघेल. निघेल म्हणण्याचाही थकवा येतो.

आई ताटात अर्धं टाकते. "भूक नाही गं." दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा नाही केला.

२७ फेब्रुवारी

आईला दवाखान्यात नेलं. मागच्या खेपेला कार्डावर ५२ होतं. काट्यावर उभी केली, नर्स म्हणाली, "एकोणपन्नास." ५९! दोन-तीन महिन्यांत सात किलो! मी आईला म्हटलं, "भूक नाही म्हणतेस, मग माझ्यामागे चोरून काय खातेस?" आईने असं पाहिलं, जसा काही मी टोमणाच मारला. चेष्टासुद्धा कळेनाशी झालीय तिला. डॉक्टर रजेवर होते, नर्सने कार्डावर लिहून आईच्या हातात दिलं आणि एप्रिलची तारीख दिली. चला, एक काळजी मिटली.

५ मार्च

९९ दिवसाला दोन अंडी घालतेय.

रोज नाही, पण महिन्याभरात आठ वेळा एकाच दिवशी ९९ दोनदा नोंदली गेलीय. जगातली कुठलीही कोंबडी हे करत नाही. तिच्या पोटात एक अंडं तयार व्हायलाच पूर्ण दिवस लागतो. म्हणजे कोणीतरी आकडा खोटा सांगतंय किंवा चुकीचा वाचतंय. आणि सांगणारं माणूस एकच आहे.

१२ मार्च

आज विचारलंच. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

"मामा, नव्याण्णव एका दिवसात दोन अंडी कशी घालते?"

"दोन? कोंबडी आहे मॅडम, नळ नाही."

"मग काल तुम्ही दोनदा कसं सांगितलंत?"

मामांनी आठवलं. त्यांना सगळं आठवतं. "नव्याण्णव मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा एकोणनव्वद म्हटलं."

"तेच तर म्हणतेय मी! एकदा नव्याण्णव आणि एकदा एकोणनव्वद. झालं की नाही दोनदा?"

मामांनी हातातली कोंबडी सावरली. मग म्हणाले, "मॅडम, एकोण म्हणजे बघा..."

"मामा, आता मला मोजायला शिकवू नका. डॉक्टरेट केलीय मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. हातातली कोंबडी फडफडत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाले, "बरं." कबूलच झाले म्हणायचं. जुन्या लोकांची एकाच आकड्याला दोन-दोन नावं असतील, पण कोंबडी तर एकच ना! नाचता येईना अंगण वाकडं. मोठ्या माणसाला बोलले म्हणून दिवसभर तोंड कडू होतं. पण माझं वर्ष पणाला लागलंय, त्यांचं नाही.

१३ मार्च

मामांचा नवा नखरा. आकडे तोडून सांगायला लागलेत. "पाच-नऊ!" "आठ-नऊ!" मी पहिलीतली मुलगी असल्यासारखं. राग दुसरीकडे कुठे काढता येत नाही, म्हणून असा. मी आकडे दाबत राहिले.

१५ मार्च

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले लेखी द्या. लेखी दिलं: अंड्यांच्या नोंदी सांगताना कर्मचाऱ्याकडून वारंवार चुका, एकच पक्षी दोनदा मोजला गेल्याचं कर्मचाऱ्याने मान्य केलं. साहेबांनी मेमो काढला. मामांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, कारणाच्या रकान्यात "नजरचूक" एवढंच लिहिलं आणि सही केली. मग पेनला टोपण लावून ते साहेबांच्या टेबलावर परत ठेवलं.

एक मात्र खरं, मेमोच्या धाकाने काम सुधारलंय. ९९ची दोन-दोन अंडी बंद झाली. २९ने दोन महिन्यांनी का होईना, घालायला सुरुवात केली. उलट ६९ एकदम थंडावली. शेडमधल्या ताणाचा परिणाम असेल.

२२ मार्च

मामांना फाटकावर बसवलं. एक स्टूल, एक नोंदवही, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आकडे लिहायचे. हे मी मागितलं नव्हतं. मी फक्त खरं लिहिलं होतं. सकाळी आत शिरताना त्यांनी उठून फाटक उघडलं, "या मॅडम" म्हणाले. एकतीस वर्षं कोंबड्यांत काढलेला माणूस. मी मान खाली घालून आत गेले.

आता फेऱ्या एकटीनेच. पट्टी वाचायची, दाबायचं, परत वाकायचं. कंबर गेली.

१ एप्रिल

हिशेबाला बसले. १३ मार्चनंतरचे दिवस सोडून दिले. मामांचं रुसणं, मग माझा नवखा हात, कोंबड्या बिथरलेल्या. ते दिवस धरण्यात अर्थ नाही. आधीचे नऊ आठवडे शांततेचे होते, तेवढेच धरले.

खूण लागू पडत नाही. अकरांचं आणि बाकीच्यांचं जवळपास सारखंच. तीन महिने, शंभर नळ्या, माझे पाय, आणि निघालं काय, काही नाही. साहेब म्हणाले, "मग खूण बाजूला ठेवा, अंड्यांवर निवडा." तशी निवड केली. ६९, ३९, ९९ पहिल्या पाचात. २९, ५९, ८९ बाहेर. रडूसुद्धा आलं नाही, इतकी दमलेय.

४ एप्रिल

ऐंशी कोंबड्यांची गाडी आज गेली. कागद घेऊन मी गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेले. मामा जाळीपाशी वाकून बघत होते. एकदम वळले.

"मॅडम, मास्तरीण चाललीय."

"नाही हो मामा. मास्तरीण पहिल्यांदा ठेवलीय मी. आत आहे."

"तुम्ही पट्टी बघितलीत?"

"माझ्या हाताने."

ते परत एकदा जाळीत बघत उभे राहिले. गाडीवाल्याने हॉर्न दिला. मामांनी गाडीचा आकडा लिहिला, गाडीवाल्याशी काहीतरी बोलले आणि फाटक उघडलं. नजर गेली बिचाऱ्यांची. ६९ म्हणजे काही कमी वय नाही.

९ एप्रिल

लिहू की नको असं तासभर झालं. लिहितेच.

आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कार्ड बघितलं आणि माझ्यावरच उखडले. "बावन्न, मग एकोणपन्नास, आज सत्तेचाळीस. पाच किलो उतरलंय आणि तुम्ही आत्ता येताय?"

मी म्हटलं, "उतरलं कुठे? मागच्या वेळी तर वाढलं होतं. एकोणपन्नास."

"बावन्नचं एकोणपन्नास झालं, तर वाढलं?"

त्यांनी कार्ड माझ्याकडे फिरवलं. ४९. मी म्हटलं, नर्सने चुकीचं लिहिलंय. नर्स मागेच उभी होती. म्हणाली, "बरोबर लिहिलंय मी. एकोणपन्नास. चार-नऊ."

चार-नऊ. हे असं तोडून सांगणं मी कुठे ऐकलं होतं?

आईने माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या हळू बोलली की डॉक्टरांना ऐकू जाऊ नये. "अगं, एकोण म्हणजे एक उणा. पन्नासाला एक उणा."

मी अडतीस वर्षांची आहे. येत्या ऑगस्टात एकोणचाळीस होईन. म्हणजे ३९. चाळिसाला एक उणा.

दुखणं काही मोठं नाही. नवी कवळी हिरडीला रुतते म्हणून आई चावतच नव्हती. "तू दमून येतेस. तुला काय सांगायचं कवळीचं," म्हणाली. "आणि त्या दिवशी चोरून खातेस म्हणालीस तेव्हा मला वाटलं, टोमणा मारतेस." मी रिक्षात रडले. आई म्हणत होती, अगं कवळीच आहे. ती कवळीसाठी धीर देत होती आणि मी शंभर कोंबड्यांसाठी रडत होते.

१० एप्रिल

दिवसभर दार लावून बसले. २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. या सात जणींची अंडी मी प्रत्येकी दहा आकडे पुढच्या कोंबडीच्या नावावर टाकली होती. ती एकेक घर मागे सरकवली.

२९ पहिल्या आठवड्यापासून घालत होती. ५९ सगळ्या शंभरांत पहिली. ६९ दोनदा खुडूक बसून उठलेली. ९९च्या नावावर ८९ची अंडी चढली होती, म्हणून दोन-दोन. आणि अकरा खूणवाल्या? मास्तरीण सगळ्यांत वर आणि बाकीच्या दहाजणी पहिल्या विसांत. खूण चालते! जे शोधायला आले होते ते पहिल्या दिवसापासून समोर होतं, मामा मोठ्याने ओरडून सांगत होते.

आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. २९, ५९, ८९ गाडीत बसवून पाठवल्या. मामांना फाटकावर बसवलं. मेमो त्यांच्या फायलीत आहे. आठ महिन्यांनी फाईल बंद होईल आणि शेवटचा कागद माझ्या सांगण्यावरून निघालेला असेल. मला आज माझी भयंकर लाज वाटतेय.

१२ एप्रिल

मामांची सुट्टी होती. घरी गेले. केंद्राच्या मागेच दोन खोल्या आहेत, पुढे तारेचं कुंपण घातलेलं अंगण. मामा बाजेची सुटलेली दोरी ओढून बांधत होते. उठायला लागले. मी म्हटलं, "बसा, मीच उभी राहते. मामा, मला आकडे येत नाहीत."

"बसा मॅडम. चहा टाकायला सांगतो."

"तुम्हाला माहीत होतं."

"त्या दिवशी कळलं. नव्याण्णववर भांडलात तेव्हा."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत? मेमोवर सही कशी केलीत?"

मामा दोरीची गाठ सोडवत राहिले. "काय सांगायचं? मॅडमना एकोणतीस येत नाही म्हणून? अख्ख्या केंद्राने तुम्हाला तेच नाव ठेवलं असतं. तुमचं इथलं पहिलं वर्ष. पहिल्या वर्षाचा डाग जन्मभर धुवावा लागतो. माझे राहिलेत किती दिवस? आणि आकडे तोडून सांगत होतो की. म्हटलं, हुशार बाई आहे, उमजेल आपोआप." दोरी परत ताणत म्हणाले, "पण वाईट वाटलं, मॅडम. खोटं नाही बोलत. फाटकावरून शेडचा आवाज येतो, दिसत काही नाही. मास्तरीण गेली त्या दिवशी तर फारच लागलं मनाला."

मी तोंड उघडणार एवढ्यात बाजेखालून ती बाहेर आली. मान ताठ, वर्गावर निघाल्यासारखी. माझ्या चपलेवर एक टोच मारून पुढे गेली. पायात पट्टी होती. ५९.

"गाडीवाल्याला म्हटलं, ही एवढी मला विकत दे," मामा म्हणाले. "बाकीच्या दोघी आत कुठेतरी खाली होत्या, हाताला लागल्या नाहीत. ही रोज घालते अजून."

मी खाली जमिनीवर बसले. मास्तरीण जिवंत होती, आणि तरी केंद्रासाठी ती गेलेलीच. फाटकाबाहेर गेलेला पक्षी परत आत घ्यायचा नाही, रोग येतो. तो नियम मीच मोठ्या अक्षरांत छापून शेडच्या भिंतीवर लावलाय. तिची पिल्लं आता मामांच्या अंगणात होतील, माझ्या शेडमध्ये नाही. ९९ची नेमकी किती आणि ८९ची नेमकी किती हे मला सुटत नव्हतं, तेही त्यांनाच विचारलं. त्यांनी डोळे मिटून सांगितलं: नव्याण्णव कोणत्या आठवड्यात खुडूक होती, एकोणनव्वदने कोणते दोन दिवस चुकवले. मी लिहून घेतलं.

निघताना म्हटलं, "मामा, मला वाटत होतं तुमचं वय ६९ आहे. म्हटलं, वशिल्याने राहिलेत."

मामा असे हसले की आतून मामी बघायला आल्या. "साठाला एक उणा आहे, मॅडम. तेवढ्या एका उण्यावर तर नोकरी टिकलीय."

१५ एप्रिल

साहेबांना पत्र दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं.

"हे कागदावर आणायची काय गरज आहे? मामांना शेडवर घेतो, मेमो फाडून टाकतो. विषय संपला."

"मेमो कागदावर होता, साहेब."

"हसं होईल तुमचं."

"होऊ दे."

"एकोणसाठ म्हणजे तुम्हाला खरंच..." त्यांना हसू आवरेना. मला राग आला नाही, राग यायलाही अंगात काही लागतं. मग गंभीर होऊन म्हणाले, पुढच्या कराराचं मी आज काही सांगू शकत नाही. अकरांतल्या आठ जणी हातात आहेत, त्यांच्यावर काम चालू ठेवा. चहाच्या वेळेपर्यंत पत्रातली गोष्ट हिशेबनिसापासून माळ्यापर्यंत पोचली होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच! संध्याकाळी निघताना माळी म्हणाला, "मॅडम, साडेपाचला पाच मिनिटं उणी आहेत." मीही हसले. दुसरं काय करणार?

आईची कवळी घासून आणली. आज ताटात काही टाकलं नाही तिने.

२२ एप्रिल

मामा शेडवर परत आले. लाल रजिस्टर मी स्वतः नेऊन दिलं. पद्धतही बदलली. मी आत, मामा दाराशी खुर्चीवर, रजिस्टर मांडीवर. मी पेटी उघडते, पट्टी वाचून ओरडते, ते लिहितात. त्रेसष्टला अडखळले तर थांबतात, सुचवत नाहीत. "शोधा," म्हणतात. सहा फेऱ्यांनी कंबर आणि जीभ दोन्ही दुखतात.

आज तिसऱ्या फेरीला कडेच्या पेटीत एक जण होती. पिसं फुगवलेली, डोळे लावलेले. हात घातला तर कचकन चावली. खाली काहीच नव्हतं. कशीबशी उचलून पट्टी वाचली. पहिल्या पाचात निवडलेली, माझ्या हाताने ठेवलेली.

"एकोण..." आणि पुढचं तोंडातून येईना.

मामा थांबले. मी मनात सत्तरातून एक वजा केला.

"एकोणसत्तर."

"अंडं?"

"नाही. खुडूक."

"सहा-नऊ, खुडूक," मामा मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.